नावानंतरचा हशा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिण्याचा मान निवृत्त मंडळींचा. मागच्या वर्षी एका काकांनी पुलांच्या तपासणीबद्दल लिहिलं. त्याआधी एका मावशींनी भूल देण्याबद्दल लिहिलं होतं, आणि तो लेख वाचताना मला गाढ झोप लागली, हे त्यांच्या कौशल्याला शोभूनच झालं. यंदा संपादिकाबाईंचा फोन मला आला. मी म्हटलं, "अहो, मी अजून तिशीलाही पोचले नाही." त्या म्हणाल्या, "असू दे गं. निवृत्त लोक सगळे क्रूझवर गेलेत."

तर, मी नावं वाचते. हाच माझा धंदा.

न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात समारंभ विभाग नावाचं एक छोटं ऑफिस आहे, तिथे मी नोकरी करते. मे महिन्यात पदवीदान असतं. काळे झगे घातलेली मुलं एकेक करून स्टेजवर येतात आणि कोणीतरी माइकवर त्यांची नावं पुकारतं. ते कोणीतरी म्हणजे मी. उरलेलं वर्ष त्या एका आठवड्याच्या तयारीत जातं. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मास्तर हजेरी घेतात तसं?" मी म्हटलं, "तसंच. फक्त इथे मूल 'हजर' म्हणत नाही, त्याचं आख्खं खानदान किंचाळतं."

ही नोकरी मला माझ्या नावानं मिळवून दिली. माझं नाव ठिणगी. पुढेमागे काही नाही. आईवडील चळवळीतले. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपायची, पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायची आणि मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'धिक्कार' होता. आडनाव म्हणजे जात विचारण्याचा सभ्य मार्ग, असं माझ्या वडिलांचं म्हणणं, म्हणून दोघांनी लग्नाच्या दिवशी आपापलं आडनाव टाकून दिलं. मी जन्मले ती बिनआडनावाचीच. शाळेत बाई विचारायच्या, "पुढे काय?" मी सांगायची, "पुढे क्रांती." बाई मला बाकावर उभं करायच्या.

अमेरिकेला मात्र एका माणसाला एकच नाव असतं हे पटत नाही. व्हिसा देताना त्यांनी 'ठिणगी' आडनावाच्या जागी ढकललं आणि पहिल्या नावाच्या जागी लिहिलं 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. झालं. बँकेच्या कार्डावर, विम्यावर, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर मी एफएनयू ठिणगी. ती तीन अक्षरं सगळे एका दमात वाचतात. दंतवैद्याकडची बाई दार उघडून प्रेमानं हाक मारायची, "फनू?"

मी शिकत होते तेव्हा या अन्यायाविरुद्ध तीन पानी पत्रक लिहून समारंभ विभागात गेले. पत्रकाच्या शेवटी मागण्या होत्या, क्रमांकासह. तिथे डोरीन बसली होती. डोरीन हॉग, साठीची, चष्मा साखळीला लटकवलेला, आता माझी साहेब. तिनं तिन्ही पानं शांतपणे वाचली आणि चष्मा काढला.

"म्हणजे फनू हे नावच नाही?"

"नाही."

"अगं, मी वर्षानुवर्षं स्टेजवरून फनू वाचतेय. मला वाटायचं भारतात हे फार लाडकं नाव आहे." मग तिनं पत्रक पुन्हा उघडलं, दुसऱ्या मागणीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे जे लिहिलंयस ना, की नावाच्या मालकाला विचारल्याशिवाय त्याचं नाव उच्चारू नये. हे काम करायला आम्हाला माणूस हवाय."

पत्रकातली मागणी मान्य झाल्याचं आमच्या घराण्यातलं ते पहिलं उदाहरण. आईवडिलांना कळवलं तेव्हा त्यांना आनंद झाला आणि थोडा संशयही आला.

आता धंद्याबद्दल. लोकांना वाटतं नाव वाचायला डोळे आणि तोंड पुरतं. खरं तर कान लागतात. मुलं फोनवर स्वतःचं नाव म्हणून पाठवतात, ते मी पुन्हापुन्हा ऐकते आणि कार्डावर देवनागरीत लिहून घेते. हे माझं गुप्त शस्त्र. पोलंड, नायजेरिया, कोरिया, सगळ्या जगाला मी काना-मात्रा-वेलांटी लावलेली आहे. एका दक्षिण आफ्रिकन मुलाच्या नावात मधेच टाळूवर जीभ आपटून काढायचा आवाज होता, टांगेवाला घोड्याला काढतो तसा. तो कसा लिहावा कळेना, म्हणून कार्डावर त्या जागी मी छोटा घोडा काढला. स्टेजवर तो आवाज बरोबर निघाला तेव्हा पोरानं थांबून मला सलाम ठोकला.

दुसरं लागतं ते धीर. प्रत्येक नावामागून आरडाओरडा होतो आणि त्यात पुढचं नाव बुडतं. ज्याचं खानदान मोठं, त्याच्या मागच्या पोराचं नशीब फुटकं. डीन हातानं खुणावत असतात, चला चला. मी तिकडे बघत नाही. माझं पत्रक सांगतं की प्रत्येक माणसाला त्याच्या नावाएवढी शांतता मिळालीच पाहिजे. ती मिळेपर्यंत मी पाणी पिते.

माणसं तरी किती तऱ्हेची भेटतात. पेरूचा एक मुलगा आला, त्याला सहा नावं. तिकडे बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतात, हे मला फार आवडतं आणि इकडच्या प्रत्येक सभेत मी ते सांगते. पण सहा? तो म्हणाला, "दोन्हीकडच्या आज्या येणार आहेत. एकीचं गाळलं तर रात्रीचं जेवण होणार नाही." सहाही वाचली. घानाचा कोफी भेटला. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. मी म्हटलं, "आमच्याकडे तुला शुक्र्या म्हणतील." त्याला ते इतकं आवडलं की त्याच्या ईमेलखाली आता शुक्र्या अशी सही असते. व्हिएतनामी न्गुएन आडनावाची मुलं ओळीनं येतात. चौथ्या-पाचव्यानंतर प्रेक्षकही माझ्याबरोबर म्हणायला लागतात आणि सभागृहाला आरतीची कळा येते. आणि मालोमो नावाची एक मुलगी होती, नायजेरियाची. तिच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा जाऊ नकोस'. आधीची भावंडं गेली की असं नाव ठेवतात. मी तिला माझ्या पणजोबांचं नाव सांगितलं, दगडू. त्यांच्या आधीची तीन गेली होती. यम आला तर म्हणेल, इथे मूल कुठे आहे, दगड आहे. मालोमो म्हणाली, "मग, गेला का यम?" मी म्हटलं, "नव्वदीपर्यंत फिरकला नाही." आम्ही दोघी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होतो. मरणाला फसवायला दोन खंडांत एकच युक्ती, आणि तिच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही.

या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो माझ्याच घरातल्या एका नावानं.

मी वेस्ट विंडसरला पोटेकाकांच्या घराच्या तळघरात राहते. पोटेकाका निवृत्त सर्जन, एकटेच असतात. माझ्याबरोबर तिथे सायली राहते, मराठवाड्यातल्या एका गावची. सिमेंटला तडे का जातात यावर तिची पीएचडी. यंदा मार्चमध्ये तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. मी हेडफोन लावला. आवाज आला, "सायली." बास. पुढे शांतता.

मी ऑफिसातून तडक घरी आले आणि तिला मिठीच मारली. "आडनाव सोडलंस. कॉम्रेड."

"ए, प्लीज," सायली म्हणाली. "याचं पत्रक करू नकोस यार. मी काही सोडलंबिडलं नाही. फक्त त्या दिवशी नकोय. बाबा येतायत."

सायलीचं आडनाव गाढवे.

तिचे बाबा, भास्करराव, मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतात. ट्रॉलीवर लिहिलंय 'गाढवे साउंड सर्व्हिस'. लग्नात आहेराची नावं माइकवर पुकारतात तेही तेच. अमक्यांकडून नवरीला पातळ, तमक्यांकडून नवऱ्याला घड्याळ. पंचक्रोशीतल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांच्या तोंडून लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातून गेलेलं आहे. आणि कार्यक्रमाच्या शेवटी कोणीतरी आभार मानायला उभं राहतं, "ध्वनिव्यवस्था, श्री. गाढवे," आणि मंडप हसतो. मागून एखादा ओरडूनही दाखवतो. सायली लहानपणी अॅम्प्लिफायरला टेकून अभ्यास करायची. तो हशा तिला पाढ्यांसारखा पाठ आहे.

"आणि गेल्या गणपतीत इथे मंडळात मला क्विझचं बक्षीस मिळालं ना," ती म्हणाली, "तेव्हा पण सेम. सगळे इंजिनियर, मॅनेजर. सायली गाढवे म्हटलं की हॉल हसला. गावातलं हसू तरी फुकट होतं गं. इथे मी मेंबरशिप भरलेली. तेच लोक कॉन्व्होकेशनला येणार, कारण त्यांची पोरं पण पास होतायत. बाबा पहिल्यांदा विमानात बसणार, आठ हजार मैल येणार, आणि इथेही तेच ऐकणार? कॅन्सल. नुसतं सायली वाच."

मी तिला डोरीनकडे नेलं. डोरीननं प्रकरण ऐकलं आणि विचारलं, "हॉग म्हणजे काय माहितेय ना? डुक्कर. शाळेत सगळी पोरं नाकातून आवाज काढायची. मी दोनदा लग्न केलं, दोन्ही वेळा आडनाव नाही बदललं. नवऱ्यांची याच्यापेक्षा कंटाळवाणी होती."

मी भर घातली. चेक लोकांत 'भाकरी न खाणारा' अशा अर्थाचं आडनाव आहे, डच लोकांत 'नागडा जन्मलेला' असं आहे. सगळं जगच कोणीतरी चेष्टेनं ठेवलेल्या नावांवर चाललंय. गाढव हा कष्टकरी प्राणी आहे, त्याची टिंगल म्हणजे श्रमाची टिंगल, आणि आपण एकत्र येऊन—

"डोरीन," सायली म्हणाली, "तुझ्यावर हसणारे शाळेत राहिले. माझ्यावर हसणारे पार्किंगमध्ये जागा शोधत असतील."

नावाचा मालक सांगेल ते शेवटचं. मागणी क्रमांक दोन. मी कार्डावर लिहिलं, सायली.

मेमध्ये भास्करराव आले. पांढरा शर्ट, पायात नवे बूट, आणि हातातल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी व एक सोल्डरिंगचं मशीन, कारण परगावी कधी काय तुटेल सांगता येत नाही. ऐन लग्नसराईत धंदा सोडून आले होते. मी विचारलं, "मग आहेर कोण पुकारतंय?"

"हिची आई. माइक तिच्या हातात दिला. परवा फोन केला तर म्हणाली, तुम्ही सावकाश या, लोक म्हणतात बाईचा आवाज स्पष्ट आहे."

मी तिथल्या तिथे त्या माउलीच्या बाजूनं दोन शब्द बोलले. स्त्रियांचा सार्वजनिक आवाज वगैरे. भास्कररावांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठिणगीताई, तुम्ही बोलला की खाली 'आपले नम्र' लिहावंसं वाटतं."

त्या संध्याकाळी पोटेकाकांनी सगळ्यांना वर जेवायला बोलावलं. भास्कररावांनी दुसऱ्यांदा भात घेताना विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोटे म्हणजे कुठले?"

काका आमटीत बघत बसले. मग म्हणाले, "खरं सांगू का. पोटे नाही. पोटफोडे."

भास्कररावांचा घास हातातच राहिला. "आणि ऑपरेशनं कशाची करायचात?"

"पोटाची."

"अहो मग हे तर दवाखान्यावर विजेच्या अक्षरात पाहिजे होतं."

"इथे आलो तेव्हा बरोबरचे दोन डॉक्टर आपल्याकडचे," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी हसले. मी घाबरलो आणि कापून टाकलं. सर्जनच होतो, एक टाका कमी-जास्त. नंतर आयुष्यभर पेशंट सगळे अमेरिकन. त्यांना पोटे काय आणि पोटफोडे काय. पोरांना तर माहीतही नाही." आणि ते हसायला लागले, आधी खोकल्यासारखं आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भास्करराव त्यांची पाठ थोपटत होते. सायली हसली नाही. ती ताटं उचलून आत गेली.

ती आत गेल्यावर भास्करराव हळूच माझ्याकडे वाकले. "ताई, परवा नाव तुम्हीच पुकारणार ना? पूर्ण पुकारा हां. आडनावासकट."

मी पाणी प्यायले. कार्डावर काय आहे ते कोणालाही सांगायचं नाही, बापालाही नाही, हा आमचा नियम आहे आणि तो मीच करायला लावला होता.

"का काका?"

"त्याचं असंय, की इथं कोणाला गाढव कळतंय? डीन गोरा, प्रेसिडेंट गोरा, खाली बसलेले कुठलेकुठले. एवढी वर्षं माइकजवळ काढली. आपलं नाव माइकवर यावं आणि त्याच्यामागून हशा येऊ नये, हे एकदा ऐकायचंय. एकदाच. त्याच्यासाठीच आलो म्हणा ना."

मला माझ्या तत्त्वांचा एवढा राग कधीच आला नव्हता. लेक बापाला हशा ऐकू येऊ नये म्हणून नाव गाळते, बाप हशाशिवाय नाव ऐकू यावं म्हणून समुद्र ओलांडतो, आणि दोघांनी आपापलं गुपित माझ्याकडे ठेवलेलं. मी पुढच्या पहाटेपर्यंत मनातल्या मनात पाच पत्रकं लिहिली. प्रत्येकात धिक्कार माझाच होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी सभागृहात माइक तपासायचे असतात. भास्करराव म्हणाले, मलाही तुमची सिस्टिम बघू द्या. मी त्यांना घेऊन गेले. सायली दुपारी लॅबमधून येऊन त्यांना घरी नेणार होती. ध्वनिव्यवस्थेचं काम लूथर बघतो, सहा फुटांहून उंच, काळा, अतिशय कमी बोलणारा. भास्कररावांनी जाऊन त्याच्या मिक्सरवर असा हात ठेवला की जणू चुलतभावाच्या खांद्यावर ठेवलाय. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पाच मिनिटांत दोघं स्टेजखाली केबल हातात घेऊन आडवे पडलेले होते.

वर आल्यावर भास्करराव मला म्हणाले, "यांना विचारा, तुमच्या आडनावाचा अर्थ काय."

मी विचारलं. लूथर म्हणाला, "माझ्या पणज्याच्या मालकाचं होतं ते. अर्थ मी कधी शोधला नाही."

मी ते मराठीत सांगितलं, मालक म्हणजे गुलामांचा मालक हेही. भास्कररावांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आमचं गावानं ठेवलं, चेष्टेनं का होईना. कोणी म्हणतं आमचे पूर्वज गाढवांवर मीठ आणायचे, कोणी म्हणतं किल्ल्याचा चुना वाहायचे, माझा चुलता म्हणतो एक आजोबा फार हट्टी होता. काही का असेना, आमचं आहे. त्यांना म्हणावं, तुम्ही फार मोठी गोष्ट वाहून आणली." मी म्हटलं. लूथरनं स्टेजवरच्या माइककडे हात केला. जा, बोल.

भास्कररावांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या. "हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग." आणि मग रिकाम्या सभागृहात, हजारो खुर्च्यांपुढे, त्यांना सूर सापडला. "लूथरभाऊ यांच्याकडून एक केबल, मिळाली. ठिणगीताई यांच्याकडून भाषण, मिळालं. डोरीनबाई यांच्याकडून कॉफी, अजून मिळाली नाही." डोरीनला आपलं नाव तेवढं कळलं आणि तिनं हात हलवला. लूथर मिक्सरवर डोकं ठेवून हसत होता, काही न समजता.

मागचं दार उघडून सायली आत आली आणि तिथेच उभी राहिली. त्यांना ती दिसली नाही.

"आणि गाढवे परिवाराची कन्या," भास्करराव म्हणाले, "डॉक्टर सायली भास्कर गाढवे."

आणि ते थांबले. माइक तोंडापासून जरा लांब धरला, मान थोडी खाली घातली, ओठांवर एक समजूतदार हसू आणलं आणि वाट बघितली. कोणी नव्हतं तिथे. तरी त्यांनी वाट बघितली, हशा पूर्ण होऊन जायला लागते तेवढी. मग मान वर करून म्हणाले, "यांचे हार्दिक अभिनंदन."

एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी स्वतःच्या नावामागे हशाला जागा ठेवली होती.

सायली चालत पुढे आली. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "कार्ड बदल. सगळं वाच."

"सगळं म्हणजे? आईचं नाव?" मी विचारलं, कारण तत्त्व ते तत्त्व.

"ते पण घाल बाई. आणि हसले तर हसू दे. बाबांच्या बाजूला मी बसलेली नसणार, स्टेजवर असणार. पण ते एकटे त्या खुर्चीत—"

आम्ही सांगितलं ते पोटेकाकांना. ते म्हणाले, "त्या मंडळींची सोय मी बघतो." कशी ते सांगितलं नाही.

समारंभाचा दिवस. ऊन, फुगे, डुगडुगणाऱ्या टोप्या. मी माइकवर. मंडळाची माणसं डावीकडे एकगठ्ठा बसलेली मला दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध पोटेकाका, शेजारी भास्करराव. नंतर कळलं की काकांनी सकाळी त्या सगळ्या रांगांतून हिंडून, चाळीस वर्षं ओळख असलेल्या माणसांशी नव्यानं ओळख करून घेतली होती. "नमस्कार, मी डॉक्टर पोटफोडे. हो, सर्जन. हो, पोटाचाच." माणसं हसून हसून वाकली होती, पोटं धरून. एका काकूंना पाणी द्यावं लागलं. काका प्रत्येक रांगेपाशी थांबून पुन्हा सांगत होते. डॉक्टरेटची मुलं स्टेजवर यायला लागली तोवर मंडळाचं हसणं पार संपलेलं होतं. गाल दुखत होते लोकांचे.

सायली पायऱ्या चढली. आधीच्या पोराच्या खानदानाचा ओरडा चालू होता. डीननी खूण केली. मी पाणी प्यायले. पूर्ण शांतता झाली तेव्हा वाचलं.

"डॉक्टर सायली शकुंतला भास्कर गाढवे."

माझा आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला. डावीकडे बघितलं. कोणी हसलं नाही. एकही जण नाही. एक काकू तर टाळ्या वाजवायला हात उचलत होत्या. आणि भास्करराव मान खाली घालून, हसू ओठांवर ठेवून, वाट बघत होते. मग त्यांनी मान वर केली. आजूबाजूला बघितलं. आणि ते स्वतःच हसायला लागले.

साधं हसणं नव्हे. मंडपाच्या चारी कोपऱ्यांना ऐकू जाईल असं, कर्ण्याच्या तोडीचं. पोटेकाका त्यांना सामील झाले. त्यांच्या पुढची अमेरिकन आजी वळून बघता बघता हसायला लागली. मागची पेरूची का कुठली मंडळी. मग लूथर, मिक्सरमागून. मग डीन, कशाला ते माहीत नसताना. सायली स्टेजच्या मध्यावर, डोक्यावरची टोपी एका हातानं धरून, दुमडून हसत होती. पुढचं नाव ज्याचं होतं तो मुलगा पायरीवर उभा राहून हसत होता. आणि मी, प्रत्येकाला नावाएवढी शांतता मिळालीच पाहिजे असं लिहून देणारी, माइक चालू असताना फिस्सकन हसले, आणि तेही छतापर्यंत जाऊन परत आलं.

बाहेर हिरवळीवर सायलीनं बापाला गाठलं. झगा सावरत, डोळे पुसत म्हणाली, "बाबा, काय हे? हशा नको म्हणून एवढ्या लांब आलात ना?"

"म्हणून तर," भास्करराव म्हणाले. "कोणी हसलंच नाही. मोकळी जागा सुटली गं. माइकवर मोकळी जागा बरी नाही दिसत."